रॅमच्या डब्यावरचे दोन आकडे आणि त्यांच्यामागचे दहा नॅनोसेकंद

रॅम घ्यायला गेलेला माणूस सध्या कांद्याचा भाव विचारून रिकाम्या पिशवीने परतल्यासारखा दिसतो. २०२५ च्या पावसाळ्यानंतर मेमरीचे भाव चढू लागले आणि वर्ष संपेपर्यंत कित्येक स्टिक्सची, म्हणजे रॅमच्या पट्ट्यांची, किंमत दुपटीच्याही वर गेली. कारण एकच, एआयची डेटा सेंटर्स. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात आणि तिघींनाही आता आपल्यातुपल्यापेक्षा मोठं गिऱ्हाईक मिळालंय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

वस्तू स्वस्त असते तेव्हा डब्यावरचे आकडे न कळताही चालतं, दुकानदार देईल ते घ्यावं. महाग झाली की प्रत्येक आकड्याचे वेगळे पैसे लागतात आणि ते कशाचे, हे कळावंसं वाटतं.

दिवाळीच्या सुटीत भाच्याबरोबर मुंबईत संगणकाच्या सामानासाठी लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. (पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग, पण ते नाव टॅक्सीवाल्याला सांगून बघा.) त्याला नवा पीसी जोडायचा होता. दुकानदाराने काउंटरवर तीन डबे मांडले. सगळे डीडीआर५, म्हणजे रॅमच्या सध्याच्या पिढीतले (तिच्या आधीची डीडीआर४), सगळे १६-१६ जीबीच्या जोडीतले. एकावर ६४०० आणि सीएल४०, दुसऱ्यावर ६००० आणि सीएल३६, तिसऱ्यावर ६००० आणि सीएल३०. तिसरा सगळ्यांत महाग. भाच्याने सरळ ६४०० उचलला. “मामा, आकडा मोठा आणि पैसेही कमी!”

तिथे उभ्या उभ्या त्याला जे समजावलं, त्यात घरी आल्यावर आठवलेलं घालून हा लेख झालाय.

वाणी, गोदाम आणि घाईतलं गिऱ्हाईक

प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी व्यक्ती समजा, आणि डेटा म्हणजे धान्य-मसाले. हाताशी लागणारं थोडंसं सामान ओट्यावरच्या डब्यांत असतं. ते डबे म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली कॅश मेमरी. डब्यात नसेल तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायचं. हा वाणी म्हणजे रॅम. त्याच्याकडेही नसेल तर थेट मार्केट यार्ड, म्हणजे एसएसडी किंवा हार्ड डिस्क.

ओट्यावरचा डबा उघडायला प्रोसेसरला चार-पाच ठोके लागतात. ठोका म्हणजे त्याच्या घड्याळाची एक टिकटिक. ५ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरची अशी एक टिकटिक एका नॅनोसेकंदाच्या पाचव्या हिश्शात होते. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम फूटभर जातो.

वाण्याकडे जाऊन यायला मात्र आजच्या डेस्कटॉपवर साधारण ६० ते ९० नॅनोसेकंद जातात. मधला ७५ धरला तर ३७५ ठोके. एक ठोका एक सेकंदाचा मानला, तर डब्यातून तिखट काढायला पाच सेकंद आणि वाण्याकडून आणायला सव्वासहा मिनिटं. कढईत फोडणी तडतडतेय आणि मोहरी संपलीय, असा हा प्रकार. रॅमची सगळी चर्चा या सव्वासहा मिनिटांतली किती कमी करता येतील याचीच आहे.

पहिला आकडा: वेग

६००० हा आकडा सांगतो की ही स्टिक सेकंदाला ६००० दशलक्ष, म्हणजे ६०० कोटी वेळा डेटा पुढे सरकवू शकते. याचं एकक मेगाट्रान्सफर प्रतिसेकंद. दुकानात सर्रास ‘सहा हजार मेगाहर्ट्‌झ’ म्हणतात, ते तितकंसं बरोबर नाही. डीडीआर म्हणजे ‘डबल डेटा रेट’. झोपाळ्याच्या दोन्ही टोकांना पाय टेकवावा, तसा इथे घड्याळाच्या एका आंदोलनात दोनदा माल सुटतो. खरं घड्याळ ३००० मेगाहर्ट्‌झचंच. हा बारकावा लक्षात ठेवा, पुढच्या हिशेबात तो लागेल.

एका वेळी एका स्टिकमधून ८ बाइट जातात. म्हणून ६००० च्या स्टिकची सेकंदाला माल वाहण्याची ताकद ४८ जीबी आणि जुन्या डीडीआर४-३२०० ची २५.६ जीबी. ही झाली रुंदी, म्हणजे वाण्याच्या दारातून किती पोती एकदम बाहेर पडतात ते. पहिलं पोतं बाहेर यायला किती वेळ लागला, हे या आकड्यातून कळत नाही.

दुसरा आकडा: लेटन्सी

मागितल्यापासून पहिला दाणा हातात पडेपर्यंतचा वेळ म्हणजे लेटन्सी. डब्यावर तिच्यातला रॅमच्या वाट्याचा एक तुकडा ‘सीएल’ या अक्षरांपुढे छापलेला असतो, जाण्यायेण्याचा वेळ त्यात नसतो. सीएल३० कमी, सीएल४० जास्त. मग सीएल१६ ची जुनी डीडीआर४ दोघींहून भारी?

बहुतेकांची गल्लत इथेच होते. सीएल म्हणजे वेळ नव्हे, त्या मात्रा आहेत. सोळा मात्रांचा तीनताल विलंबितात चालला तर सम यायला अर्धं-पाऊण मिनिट लागू शकतं, आणि द्रुतात तबलजी तीच सोळा मात्रांची आवर्तनं भराभर टाकत जातो. ‘सोळा मात्रा’ म्हटल्याने किती वेळ लागला ते कळत नाही, त्यासाठी लय माहीत हवी. रॅममध्ये लय म्हणजे तिचं घड्याळ.

डीडीआर४-३२०० ची एक मात्रा ०.६२५ नॅनोसेकंदांची. सीएल१६ म्हणजे नेमका तीनतालाचा एक फेरा, सोळा गुणिले ०.६२५. उत्तर १० नॅनोसेकंद.

डीडीआर५-६००० ची मात्रा बरीच लहान, ०.३३३ नॅनोसेकंदांची. सीएल३० म्हणजे तशा तीस मात्रा. उत्तर पुन्हा १० नॅनोसेकंद.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करायचा हिशेब असा: सीएलला २००० ने गुणा आणि डब्यावरच्या वेगाने भागा. (१००० ऐवजी २००० का, तर तो झोपाळ्याचा बारकावा.) येणारं उत्तर नॅनोसेकंदांत.

आता काउंटरवरचे तीन डबे. ६४०० सीएल४० चे १२.५ नॅनोसेकंद, ६००० सीएल३६ चे १२ आणि ६००० सीएल३० चे १०. भाच्याने ‘मोठा आकडा’ म्हणून उचललेली स्टिक पहिला दाणा द्यायला तिघींत सगळ्यांत मंद होती. डीडीआर५ आलं तेव्हाच्या ४८०० सीएल४० स्टिक्सचं उत्तर येतं १६.७. तेव्हा ‘जुनी डीडीआर४ च बरी’ म्हणणारे लोक अगदीच चुकीचे नव्हते.

दोघींचे दहाच असतील, तर डीडीआर५ कशाला?

हाच प्रश्न भाच्याने विचारला आणि तो रास्त आहे.

पहिला दाणा दोघी एकाच वेळी देतात. पण प्रोसेसर एकच दाणा कधी मागत नाही. तो नेहमी ६४ बाइटची पुडी उचलतो. डीडीआर४ ही पुडी ८-८ बाइटच्या आठ खेपांत भरते. डीडीआर५ मध्ये दुकानाची एक रुंद खिडकी बुजवून तिच्या जागी दोन अर्ध्या खिडक्या काढल्या आहेत. प्रत्येक खिडकीतून ४-४ बाइटच्या सोळा खेपांत पुडी भरते. खेपा वेगवान असल्यामुळे एका पुडीला वेळ जवळपास तेवढाच लागतो, अडीच नॅनोसेकंदांच्या आसपास. पण दोन गिऱ्हाइकांचा माल एकदम सुटू शकतो.

आजच्या प्रोसेसरमध्ये सहा, आठ, सोळा कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, असतात आणि सगळ्यांना एकदम काहीतरी हवं असतं. रांगेत एकटे असाल तर खिडक्या एक की दोन, काय फरक पडतो? संध्याकाळी सात वाजता दुकानात जा, मग कळेल. डीडीआर५ चा फायदा गर्दीत दिसतो, म्हणजे व्हिडिओ एडिटिंग, मोठ्या फाइल्स कॉम्प्रेस करणं, थ्रीडी काम, किंवा ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये, जिथे चित्र रंगवणारा भागही याच रॅममधून खातो.

एआयच्या बाबतीत हेच टोकाला गेलंय. तिथे लागणाऱ्या एचबीएम मेमरीत चिपांचे थर एकावर एक रचलेले असतात आणि अशा एका चळतीला आतापर्यंत १०२४ वाहिन्या असत, आपल्या साध्या स्टिकला ६४. दारं अतिशय रुंद, पण पहिला दाणा काही फार लवकर येत नाही, कारण आत बिट साठवणारा कपॅसिटर तोच. ही रुंदी भरण्यासाठीच कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि आपली स्टिक महाग झाली.

मग कंपन्या लेटन्सीच कमी का करत नाहीत?

वीस-बावीस वर्षं मागे जा. २००३ च्या सुमारास डीडीआर-४०० स्टिक्स मिळायच्या. त्यांतली चांगली सीएल२ ची असे. हिशेब करा: दोन गुणिले २००० भागिले ४००. दहा नॅनोसेकंद!

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा मोजलं. स्टिकची माल वाहण्याची ताकद तेव्हापासून ३.२ जीबीवरून ४८ जीबीवर, पंधरापट गेली. पहिल्या दाण्याचा वेळ होता तिथेच. वुल्फ आणि मॅकी या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी १९९५ मध्येच हा धोका सांगितला होता, की प्रोसेसर पळत सुटेल, मेमरी मागे राहील आणि शेवटी सगळं या भिंतीवर आपटेल. ‘मेमरी वॉल’ हा शब्द तिथूनच रूढ झाला.

कारण रॅमच्या आत आहे. तिथला एकेक बिट म्हणजे विजेचा थेंब साठवणारी इवलीशी वाटी, म्हणजे कपॅसिटर, आणि तिच्यावर झाकण म्हणून एक ट्रान्झिस्टर. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना ही मांडणी १९६६ मध्ये सुचली, १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि आज आपल्या सगळ्यांच्या रॅममध्ये मुळात तीच आहे. स्वस्त आणि आटोपशीर. पण वाटी गळकी. म्हणून डीडीआर४ मध्ये दर ६४ मिलिसेकंदांत आणि डीडीआर५ मध्ये दर ३२ मिलिसेकंदांत प्रत्येक वाटी पुन्हा भरून घ्यावी लागते. वीज गेली की सगळं रिकामं.

त्यात थेंब इतका लहान की वाटीत काही आहे की नाही हे कळायलाच वेळ लागतो. झाकण उघडलं की थेंब एका लांबलचक तारेत पसरतो. तारेच्या टोकाला बसलेला संवेदक व्होल्टेजमधला किंचितसा फरक ओळखतो, तो फुगवतो आणि वाटी पुन्हा भरून ठेवतो, कारण बघण्याच्या नादात ती रिकामी झालेली असते. हे काम भौतिक आहे. घड्याळ दुप्पट पळवलं म्हणून थेंब दुप्पट वेगाने पसरत नाही. तबलजीने लय वाढवली तरी चुलीवरचं दूध त्याच्याच वेळेला उतू जाणार, फक्त तोवर मात्रा जास्त मोजून होतील. म्हणूनच पिढी बदलते तसा सीएलचा आकडा वाढत जातो, २, ९, १६, ३०.

तारा आखूड केल्या तर वेळ कमी होतो. तशी मेमरी आहेही, तिला आरएलडीरॅम म्हणतात आणि ती नेटवर्कच्या उपकरणांत वापरली जाते. पण आखूड तारा म्हणजे जास्त संवेदक, जास्त जागा आणि तेवढ्याच चिपमध्ये कमी जीबी. आपण ग्राहक मंडळी दुकानात आधी जीबी विचारतो, नॅनोसेकंद कोणी विचारत नाही. बाजाराने आपल्याला हवं तेच दिलं.

डब्यावरचे बाकीचे तीन आकडे

सीएलच्या पुढे ३०-३६-३६-७६ अशी आकड्यांची माळ असते. ती समजायला पुन्हा वाण्याकडे जाऊ.

गोदामात पोत्यांच्या ओळी आहेत. एका वेळी एकच पोतं काउंटरवर आणून उघडता येतं. तुम्ही तांदूळ मागितला आणि तांदळाचं पोतं आधीच उघडं असेल, तर वाणी मापटं भरतो आणि देतो. एवढ्याच कामाचा वेळ म्हणजे सीएल. पण काउंटरवर डाळीचं पोतं असेल, तर आधी ते बांधून जागेवर ठेवायचं (तिसरा आकडा), मग तांदळाचं आणून उघडायचं (दुसरा आकडा) आणि मग मापटं. चौथा आकडा म्हणजे एकदा आणलेलं पोतं निदान किती वेळ उघडं ठेवायचं ते.

या वाईट प्रसंगात तिन्ही आकड्यांची बेरीज लागते. आपल्या ३०-३६-३६ च्या स्टिकला १०२ मात्रा, म्हणजे ३४ नॅनोसेकंद. चांगल्या डीडीआर४-३२०० ला १६-१८-१८ च्या ५२ मात्रा, म्हणजे ३२.५. सुरुवातीच्या डीडीआर५-४८०० ला, तिन्ही ४० धरून, सरळ ५०. म्हणजे केवळ सीएल कमी आणि पुढचे आकडे भरमसाट, अशी स्टिक दिसली तर थोडा संशय घ्यावा. बाकी या माळेत फार शिरू नका. मी शिरलोय, एक अख्खा रविवार गेला आणि हाती काहीच लागलं नाही.

हे झालं गोदामाच्या एका कोठीचं, चिपमध्ये अशा अनेक कोठ्या असतात. डीडीआर५ मध्ये त्यांची संख्याही वाढली, डीडीआर४ च्या नेहमीच्या चिपमध्ये १६, इथे ३२. प्रत्येक कोठीत एकेक पोतं उघडं राहू शकतं. त्यामुळे हवं ते पोतं आधीच उघडं सापडण्याची शक्यता वाढते.

सगळ्यात वेगवान घेतली की प्रश्नच मिटला, नाही का?

नाही, कारण दुकानापर्यंतचा रस्ता प्रोसेसरच्या मालकीचा. रॅमशी बोलणारा भाग, म्हणजे मेमरी कंट्रोलर, प्रोसेसरमध्ये बसलेला असतो आणि त्याच्या पायात तेवढा दम असावा लागतो. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० मालिका आणताना ६००० हाच सोयीचा वेग असल्याचं सांगितलं. साधारण ६४०० च्या पुढे बहुतेक वेळा कंट्रोलर रॅमच्या पावलाला पाऊल लावू शकत नाही आणि अर्ध्या चालीवर येतो. मग ७२०० ची महाग स्टिक लावून एकूण वेळ वाढलाय, असंही होतं. इंटेलची नवी प्रोसेसर त्याहून वर जातात, पण तिथेही मदरबोर्ड कोणता यावर बरंच अवलंबून. मदरबोर्डच्या साइटवर चाचणी झालेल्या स्टिक्सची यादी असते. ती बघायला दोन मिनिटं लागतात, तरी कोणी बघत नाही.

गेमिंगवाल्यांसाठी थोडं. ग्राफिक्स कार्डच दमत असेल, तर रॅम कोणतीही लावा, फ्रेम्स तेवढ्याच. प्रोसेसर दमत असेल तेव्हाच रॅमचा फरक दिसतो, आणि तोही चांगली आणि जास्त चांगली यांच्यात बहुधा एकेरी टक्क्यांचा. एएमडीच्या एक्स३डी नावाच्या प्रोसेसरमध्ये तो आणखी आटतो. भाच्याच्या रायझन ५ ७६०० मध्ये ओट्यावरचे मोठे डबे ३२ एमबीचे, रायझन ७ ९८००एक्स३डी मध्ये ९६ चे. घरातच तिप्पट सामान असेल तर वाण्याकडे जायची वेळ कमी येते. असा प्रोसेसर घेणाऱ्याने सीएल३० साठी जीव टाकू नये.

डब्यावर ६०००, मशीनमध्ये ४८००

आम्ही शेवटी मधला डबा घेतला, ६००० सीएल३६. सीएल३० पेक्षा दोन नॅनोसेकंद जास्त. वाचलेल्या पैशांत एसएसडी ५०० जीबीऐवजी १ टीबीची आली. भाच्याच्या कामाला हेच जास्त उपयोगी, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे.

घरी येऊन जोडणी केली, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं. भाच्याने घाबरून वायर ओढली. पुन्हा लावली, पुन्हा काळा. तासभर स्टिक्स काढ, घाल, फुंकर मार. बहीण दारातून म्हणाली, “बंद पडलं का रे नवंच?” बंद काहीच पडलं नव्हतं. डीडीआर५ च्या मशीनला पहिल्यांदा चालू करताना कंट्रोलर प्रत्येक तारेवरचा सिग्नल तपासून आपली वेळ जुळवून घेतो. याला काही मिनिटं लागतात आणि तोवर पडद्यावर अक्षरही उमटत नाही. आम्ही दरवेळी मधेच वायर ओढून ते काम पहिल्यापासून करायला लावत होतो. शेवटी कंटाळून चहा प्यायला उठलो, आणि परत येतो तर पडद्यावर मेनू!

दुसरी चूक माझी. विंडोज बसलं, गेम चालला, मी निर्धास्त झालो. डिसेंबरात सहज टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्स, मग मेमरी. वेगापुढे लिहिलं होतं ४८००. जवळजवळ दोन महिने आमची ६००० ची रॅम ४८०० वर रांगत होती.

याचं कारण असं की डब्यावरचा वेग हा कंपनीने दिलेला वरचा वेग असतो. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या सावध आकड्यांवर स्टिक आधी चालू होते, कारण ते कुठल्याही बोर्डवर चालतील. वरच्या वेगाची कृती स्टिकमध्येच लिहून ठेवलेली असते, इंटेलकडे तिचं नाव एक्सएमपी, एएमडीकडे एक्स्पो. मशीन चालू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या पानावर, जायचं, तो पर्याय निवडायचा, सेव्ह करायचं. झालं. फुकटचं काम आहे. हे तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, तेव्हा नंतर विंडोज विनाकारण बंद पडू लागलं, तर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवून बघा. चुका निघाल्या तर वेग एक पायरी खाली आणा.

तुमच्या मशीनचा आकडा आजच बघा. निदान ओळखीतला एक तरी जण ४८०० वर सापडेल.

आणि लॅपटॉपवाल्यांनी काय करायचं?

लॅपटॉपमध्ये सीएलची निवड जवळपास नसतेच. तिथली नेहमीची डीडीआर५-५६०० स्टिक सीएल४६ ची, म्हणजे १६.४ नॅनोसेकंद. बारीक लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, घेतानाच विचारून घ्यावं लागतं. पण एक गोष्ट हातात असते आणि ती वेग-लेटन्सी दोन्हींपेक्षा मोठी आहे, ती म्हणजे स्टिक्सची जोडी.

टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर किती स्लॉट वापरात आहेत हे लिहिलेलं असतं. ‘दोनपैकी एक’ असं दिसलं, तर दोन रस्त्यांपैकी एक तुम्ही बंद ठेवलाय. एक १६ ची स्टिक आणि दोन ८ च्या, जीबी तेवढेच, पण दोघींत माल वाहण्याची ताकद दुप्पट. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो. किमतीचा भडका उडालेला असतानाही आहे त्या लॅपटॉपमध्ये ८ ची दुसरी स्टिक घालणं हा मला सगळ्यात शहाणा खर्च वाटतो.

डेस्कटॉपवाल्यांनी उलट चूक करू नये. चार स्लॉट दिसतात म्हणून चार स्टिक्स घालू नयेत. रायझन ७००० ला एएमडी दोन स्टिक्सवर अधिकृतपणे ५२०० पर्यंतचा वेग देते, चार घातल्या की ३६००. डीडीआर५ ला स्टिक्सची गर्दी सोसत नाही. ३२ हवेत तर १६ च्या दोन घ्या, आणि एकाच पाकिटातल्या. ‘आत्ता एक, दिवाळीत दुसरी’ केलं की दुसरी वेगळ्या चिपांची निघू शकते, आणि मग दोघींची कुरबुर सुरू.

जीबी आधी की वेग आधी?

जीबी. याला अपवाद मला सुचत नाही. रॅम भरली की संगणक मार्केट यार्डाचा रस्ता धरतो, आणि एसएसडीच्या फेऱ्या नॅनोसेकंदांत नव्हे, मायक्रोसेकंदांत मोजतात, म्हणजे हजारपट मोठ्या मापात. ८ जीबीच्या मशीनमध्ये क्रोमच्या तीस टॅब उघडणाऱ्याला सीएल३० काय आणि सीएल४० काय. ऑफिसकाम आणि अभ्यासासाठी १६, गेमिंग आणि एडिटिंगसाठी ३२. त्यानंतर दोन स्टिक्सची जोडी, मग आपल्या प्रोसेसरला झेपेल तो वेग, आणि त्या वेगात खिशाला परवडेल तेवढा कमी सीएल. भागाकार करून दहा ते बाराच्या आत उत्तर आलं की पुढे बघू नये.

माझ्या स्वतःच्या टेबलाखाली पाच वर्षं जुना पीसी आहे. डीडीआर४-३२००, सीएल१६, दोन स्टिक्स. डिसेंबरात भाव बघून नव्या मशीनचा बेत पुढच्या वर्षावर ढकलला. वाणी तसाच जुना, खिडकी एकच, पण पहिला दाणा अजून दहा नॅनोसेकंदांतच देतो.